मांदेलीने खाल्लेल्या गोळ्या

कुंदे,

आपल्या जुन्या टेलिफोन एक्स्चेंजच्या बायका वर्षातून एकदा जेवायला जमतात, तिथे वाचायला तुझ्यावर चार चांगले शब्द लिहून दे, असं त्यांनी मला सांगितलंय. मी हो म्हटलं होतं. परवापर्यंत मजकूर डोक्यात तयारही होता. हसतमुख, मनमिळाऊ, अडल्यानडल्याच्या मदतीला धावणारी. गेलेल्या माणसाला जे जे चिकटवतात ते सगळं. आता त्यातलं एक अक्षर लिहिणार नाही. तू खोटारडी होतीस. इतकी वर्षं एका घरात राहिलो, एका पातेल्यातला चहा प्यायलो, आणि तुझी गोष्ट मला कुत्र्याच्या डॉक्टरकडून कळली.

परवा मांदेलीला वर्षाच्या इंजेक्शनसाठी जुन्या पनवेलात नेलं होतं. नाझनीन डॉक्टरांना तू गेल्याचं माहीत नव्हतं. मी सांगितलं तेव्हा त्यांनी हातातली सुई बाजूला ठेवली आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटल्या. मग म्हणाल्या, "हार्टचंच झालं का? मी त्यांना तेव्हाच म्हटलं होतं, घरात सांगून ठेवा."

"काय सांगून ठेवा?"

"गोळ्यांचं. मांदेलीने खाल्ल्या होत्या ना त्या. कुंदाताईंच्याच होत्या."

त्यानंतर त्या बरंच बोलल्या. मी तिथल्या बाकड्यावर बसून ऐकलं. शेजारी मांजराची टोपली मांडीवर घेऊन एक बाई बसली होती, ती मला पाणी देऊ का म्हणून विचारत होती. मला तुझ्या कानाखाली वाजवायची होती आणि तू नव्हतीस.

मला सगळ्यात जास्त लागलं ते हे, की मी तुझा आवाज ओळखला नाही. एक्स्चेंजच्या बोर्डावर आपल्या खुर्च्या शेजारी शेजारी होत्या. कानाला हेडफोन लावून आपण अर्धं आयुष्य लोकांचे आवाज ऐकण्यात काढलं. मुलगा नापास झालाय आणि बाप गावाला फोनवर सांगतोय की उत्तम चाललंय, हे आपल्याला पहिल्या दोन शब्दांत कळायचं आणि आपण एकमेकींना कोपराने ढोसायचो. तुझे स्वतःचेच दोन आवाज होते. बोर्डावरचा स्वच्छ, पुस्तकी, शाळेच्या बाईंनी शिकवल्यासारखा. आणि हेडफोन काढला की उरणच्या कोळीवाड्यातला, "विजू, चल गो, भूक लागली" म्हणणारा. पहिला पगारासाठी, दुसरा माणसांसाठी, असं तू म्हणायचीस. घरात तू पहिल्या आवाजात माझ्याशी कधी बोलली नव्हतीस. बोललीस ती दोनदाच, आणि दोन्ही वेळा मला कळलं नाही.

आमचे हे, नाना, गेले तेव्हा तूच मला इथे आणलंस. मुलगा बंगळुरात, मी मोठ्या घरात एकटी, भिंतींकडे बघत बसायची. तू आलीस, कपाटातल्या माझ्या साड्या दोन पिशव्यांत कोंबल्यास आणि म्हणालीस की नवीन पनवेलात तळमजल्यावर माझी एक खोली रिकामी हाय, तिथे धूळ बसते, तू बस. असं कुणी कुणाला नेत नाही. सख्ख्या बहिणी नेत नाहीत. तुझे हे उपकार मी विसरलेले नाही, म्हणूनच तर एवढी चिडले आहे. परक्या बाईने फसवलं असतं तर दोन शिव्या देऊन मोकळी झाले असते.

आल्या दिवशीच आपला तह झाला. मी ब्राह्मणाच्या घरातली, मासळीवाली दारावरून गेली तरी पदर नाकाला लावणारी. तू कोळीण, सुकं खारं तोंडी लावल्याशिवाय तुझा घास उतरायचा नाही. ठरलं ते असं: खाऱ्या मासळीचा डबा बाल्कनीत राहील, भाजायची ती बाल्कनीतल्या छोट्या शेगडीवर, स्वयंपाकघराचं दार लावून. मी त्या डब्याला हात लावणार नाही, तू माझ्या देवघरातल्या तांब्याला लावणार नाहीस. आणि श्रावणात डबा सुतळीने बांधून बाल्कनीतल्या वरच्या फळीवर जाईल, तो श्रावण संपल्यावरच खाली येईल. अकरा महिने तुझे, एक माझा. पत्र्याचा तो चौकोनी डबा, आत बोंबील आणि मिठात मुरलेला बांगडा. सगळ्या घरात ती एवढीच जागा अशी होती, की जिथे विजू मेली तरी हात घालणार नाही. तुला तसलीच जागा हवी होती, हे आज कळतंय.

मग मांदेली आली. सुकापूरला बिल्डिंगी उठत होत्या, तिथल्या रेतीच्या ढिगावर ती पोरकी पडलेली तुला मिळाली. पिवळी, चकचकीत, बोटभर. तू म्हणालीस, ही तर मांदेली. मी म्हटलं, माझ्या घरात कुत्र्याला मासळीचं नाव नको. तू म्हणालीस, घर माझं हाय. झालं, तेव्हापासून सोवळ्यातली मी रोज संध्याकाळी सोसायटीच्या फाटकात उभी राहून "मांदेली, ए मांदेली" म्हणून ओरडायला लागले. एकदा खरोखर एक बाई पिशवी घेऊन बाहेर आली आणि वाटा कसा दिला म्हणून विचारायला लागली. तू पायरीवर बसून इतकी हसलीस की तुला ठसका लागला आणि मी पाठीवरून हात फिरवला. बराच वेळ लागला तो ठसका जायला. आता मी त्या ठसक्याचासुद्धा विचार करते.

तो दिवस श्रावणातला, शुक्रवार. मी पुरणाला डाळ लावली होती, तू आतल्या खोलीत आडवी झाली होतीस. बाल्कनीतून पत्रा वाजल्याचा आवाज आला म्हणून गेले, तर डबा खाली लादीवर, झाकण एकीकडे, बांगडे दुसरीकडे, आणि मांदेली काहीतरी चावून कुरकुर वाजवतेय. तिच्या तोंडातून चांदीसारखा कागद बाहेर आला होता. मी तो ओढला, तर गोळ्यांचं पाकीट. एकूण किती गिळल्या होत्या देव जाणे. लादीवर नुसते रिकामे फुगे पडले होते.

मी ओरडले. तू धावत आलीस आणि आधी खाली वाकून ते कागद गोळा केलेस. मला वाटलं, आणखी खाऊ नये म्हणून. मी दुधाचं पातेलं घेऊन आले, कारण आपल्याकडे विषावर दूध, असं लहानपणापासून ऐकलेलं. वरच्या मजल्यावरच्या बाई जिन्यातून सांगत होत्या की मिठाचं पाणी पाजा, भडाभडा ओकेल. तू माझ्या हातातलं पातेलं काढून घेतलंस आणि म्हणालीस, आधी डॉक्टरला विचार. माझा मोबाइल, मी लावला, नाझनीन डॉक्टर लगेच बोलल्या. दूध नाही, मीठ नाही, तूप नाही, घशात बोट तर अजिबात नाही. घरी काही करायला जाऊ नका, त्याने कुत्रं गुदमरतं. उचला आणि आणा. गोळ्या कसल्या, साधारण किती, कधी खाल्ल्या, तेवढं सांगा आणि पाकीट बरोबर आणा, कारण कुठली गोळी त्यावर सगळं ठरतं.

कसल्या, ते मला माहीत नव्हतं. मी फोन तुझ्यापुढे धरला.

"साध्या तापाच्या गोळ्या होत्या, डॉक्टर," तू म्हणालीस. "दमट हवेत खराब होतात म्हणून पत्र्याच्या डब्यात ठेवल्या होत्या. चार-पाच असतील."

स्वच्छ, पुस्तकी, एकही शब्द न गिळता. बोर्डावरचा आवाज. मांदेली तुझ्या पायाशी लाळ गाळत होती आणि तू ट्रंक कॉल जोडून दिल्यासारखी बोललीस. मला वाटलं, काय धीराची बाई आहे.

रिक्षात तू तिला मांडीवर घेतलंस. मी बडबड करत होते, पुलावर गाड्या तुंबल्या म्हणून रिक्षावाल्यावर खेकसत होते. तू तिच्या छातीवर हात ठेवून बसली होतीस. मांदेलीची मान सैल पडत चालली होती आणि तिच्या हिरड्या पांढऱ्या दिसत होत्या. त्या गोळ्या नाडी संथ करणाऱ्या होत्या, हे तुला माहीत होतं. माणसाची नाडी संथ करणारी गोळी त्या एवढ्याशा जिवाचं काय करेल, हे तुला तुझ्या हाताखाली कळत होतं. आणि तरी पूल उतरेपर्यंत तू तोंड उघडलं नाहीस. कुंदे, ती तुझी मांदेली होती. रेतीच्या ढिगावरून तू उचललेली. तेवढ्या वाटेत ती गेली असती तर? तू मला काय सांगितलं असतंस, तापाच्या गोळ्यांनी गेली?

दवाखान्यात शिरल्या शिरल्या तू म्हणालीस, "विजू, माझा चष्मा रिक्षात राहिला गो." मी तशीच मागे पळाले. पावसात, बिनछत्रीची, रिक्षा स्टँडपर्यंत. तो बिचारा सगळी सीट उचकटून दाखवत होता. मी परत आले तेव्हा मांदेलीला उलटीचं इंजेक्शन देऊन झालं होतं, काळा कोळशाचा घोळ तिच्या तोंडात चाललेला, पायाला सलाइन, आणि डॉक्टर तिच्या छातीला नळी लावून हाताच्या घड्याळाकडे बघत होत्या. सगळं एकदम घाईने, ठरवून. मला वाटलं, हुशार आहे पोरगी, बघून ओळखलं. चष्मा तुझ्या नाकावर होता. पर्समध्येच सापडला म्हणालीस. मी भिजून चिंब झाले होते आणि मांदेली ओकली म्हणून आनंदाने रडत होते, त्यामुळे भांडायचं राहिलं.

मी रिक्षा शोधत असताना तू काय केलंस ते परवा कळलं. तू ब्लाउजमधून ते चुरगळलेलं पाकीट काढलंस, टेबलावर ठेवलंस आणि डॉक्टरांना म्हणालीस, "मी फोनवर खोटं बोलली. या माझ्या हार्टच्या हायेत. आठ तरी गेल्या. हिला वाचवा." नाझनीन डॉक्टर म्हणाल्या, ते वेळेत सांगितलं म्हणून ती वाचली; तापाची समजून उपचार करत राहिले असते तर हृदय मंदावत मंदावत हातातून गेली असती.

म्हणजे खरं बोलायला तुला येत होतं. कुत्रीसाठी बोललीस.

मांदेली दोन रात्री तिथे राहिली आणि शेपटी हलवत घरी आली. आणि मग मी विचारायचं ते विचारलं. श्रावणात डबा खाली कसा? सुतळी कुणी सोडली? मला गोळ्यांचं सुचलंच नाही, मला दिसत होता तो बांगडा. तू माझ्याकडे बघितलंस. काहीतरी ठरवलंस, तेही मला दिसलं, पण काय ते कळलं नाही.

"हो, खाल्ला मी एक तुकडा. चुकलं माझं," तू म्हणालीस. परत तोच स्वच्छ, बोर्डावरचा आवाज.

कुंदे, तू जन्मात कुणाला "चुकलं माझं" म्हणालेली नाहीस. साहेबाला नाही, भावाला नाही, चुकीचा नंबर जोडून दिलेल्या माणसाला नाही. घरात तसं काही झालं की तुझं ठरलेलं, "खाल्ला तर खाल्ला, काय फासावर देतंस?" तेव्हा तरी माझे कान टवकारायला हवे होते. पण मी रागात होते. श्रावणातला एक महिना तुझ्याच्याने पाळवत नाही, एवढाही माझा मान नाही, असं बोलले. तुझ्या जातीवर नाही गेले, तेवढी लाज ठेवली, पण बाकी काही ठेवलं नाही. तू ऐकून घेतलंस. केलेलं पुरण तू खाल्लं नाहीस, मी वाढलं नाही. उरलेला श्रावण आपण "चहा झालाय" आणि "गॅस बंद कर" एवढंच बोललो.

न केलेल्या पापाची कबुली दिलीस तू. बांगड्याच्या चोरीचा आळ घेतलास, म्हणजे मी त्याच्या पलीकडे बघणार नाही. माझ्याशी इतकी वर्षं राहून तू एवढं मात्र बरोबर ओळखलं होतंस, की श्रावण मोडला म्हटल्यावर विजूला दुसरं काही दिसायचं नाही. मी कशी आहे ते माझ्याविरुद्ध वापरलंस. याला मैत्री म्हणायचं की काय म्हणायचं, ते आता तूच सांग.

आता सगळं मागचं पुढचं जुळवत बसते. संध्याकाळी मांदेलीला घेऊन आपण स्टेशनच्या बाजूने चालत जायचो, तेव्हा तू कुठे कुठे थांबायचीस. "मांदेलीला दम लागला," म्हणायचीस. मांदेली पट्टा ताणून पुढे ओढत असायची. मी हसायचे, म्हणायचे कुत्रीचे लाड करून आळशी केलीस तिला. सुकापूरला भाजी स्वस्त म्हणून तू एकटी जायचीस आणि भाजीशिवाय परत यायचीस. बाजार बसला नाही, म्हणायचीस. तुझा तो डॉक्टर सुकापूरलाच होता ना? तिथून गोळ्या आणायचीस, वर फळीवरचा डबा रोज चारच्या सुमाराला खाली घ्यायचीस, गोळी खायचीस आणि परत ठेवायचीस. मी त्या वेळी आतल्या खोलीत पडलेली असायची. त्या शुक्रवारी परत ठेवायचा राहिला एवढंच. बहुतेक तुला बरं वाटत नव्हतं. आडवी झाली होतीस ती उगाच नव्हे.

आणि आता ते, जे मी तुला माफ करणार नाही.

माघातली ती सकाळ. तू चहाचा कप हातात घेऊन ओट्याशी खाली बसलीस आणि उठली नाहीस. हॉस्पिटलात नेलं तेव्हा तू शुद्धीवर होतीस, तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा. तिथला तरुण डॉक्टर मला म्हणाला, "पेशंटला कुठल्या गोळ्या चालू आहेत? कधीपासून?"

तोच प्रश्न, कुंदे. मांदेलीसाठी नाझनीन डॉक्टरांनी विचारला होता, तोच. कुठली गोळी त्यावर सगळं ठरतं.

मी म्हटलं, "काहीही नाही. डोकेदुखीची गोळीसुद्धा घेत नाही ती. ठणठणीत आहे." अभिमानाने म्हटलं. त्याने परत विचारलं, नक्की ना? मी म्हटलं, एका घरात राहतो आम्ही, मला माहीत नसेल? त्याने तसं कागदावर लिहून घेतलं. तू माझा हात दाबलास. जोरात, दोनदा. मला वाटलं, भीती वाटतेय हिला. मी म्हटलं, घाबरू नकोस, मी आहे ना.

तू काय सांगत होतीस? ते सांगत होतीस का? की गप्प बस म्हणत होतीस? हे मला आता कधीच कळायचं नाही. दुपारपर्यंत सगळं संपलं होतं. उरणहून तुझा भाऊ आणि भावजय आले, त्यांनी मला विचारलं की काही आजार होता का, आणि मी त्यांनाही तेच सांगितलं. तुझ्या मरणाच्या दिवशी मी सगळ्यांना छातीठोकपणे खोटं सांगत फिरले आणि मला ते खोटं आहे हे माहीतही नव्हतं. मी परवा नाझनीन डॉक्टरांना विचारलं, मी बरोबर सांगितलं असतं तर ती वाचली असती का? त्या कितीतरी वेळ मांदेलीच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, मी माणसांची डॉक्टर नाही, विजयाताई. दुसरं कुणी असतं तर "तसं काही नाही हो" म्हणून मोकळं झालं असतं. त्या नाही म्हणाल्या, हे बरं केलं.

मग मी विचारलं की लपवलं का, तुम्हाला काही बोलली होती का? त्या थोडं हसल्या. दोन दिवसांनी तू मांदेलीला घरी न्यायला एकटीच गेली होतीस, तेव्हा त्यांनी तुला रागावून विचारलं होतं, घरातल्या माणसाला का सांगत नाही म्हणून. त्यांनी तुझं वाक्य तुझ्याच बोलीत सांगितलं. त्या इथल्याच, कोकणी मुसलमानांच्या, तुझी बोली त्यांच्या कानावरची.

"नको डॉक्टर. ती मना मासली खाऊ देनार नाय."

एवढंच कारण. मी बाकड्यावर बसून वाट बघत होते की यापुढे काही येईल. तिच्या जिवाला त्रास नको म्हणून, किंवा नानांचं सगळं करून ती दमलीय म्हणून, असलं काहीतरी. मी त्यावर रडले असते आणि तुला माफ केलं असतं. पुढे काही आलं नाही. मिठात मुरलेल्या बांगड्यासाठी तू मला फसवलंस.

आणि हसू नकोस, मला कळलंय तुझ्या मनात काय होतं. नानांचं हृदय बिघडलं तेव्हा मी त्यांचं मीठ तोडलं. वरण आळणी, भाकरी आळणी, लोणच्याची बरणी कुलपात. तू भेटायला यायचीस ती पदराखाली पापड लपवून. मी एकदा पकडलं होतं तुम्हा दोघांना. नाना चोरासारखे तोंड पुसत होते आणि तू म्हणालीस, मानसाला चव तरी लागू दे. नंतर कितीदा आपण त्यावर भांडलो. मी म्हणायचे, माझ्या पथ्यामुळे ते आणखी जगले. तू म्हणायचीस, "जगला म्हंतंस, पन जेवला काय?" ते भांडण आपण कधीच मिटवलं नाही. मी आजही माझ्या बाजूला ठाम आहे. ते जगले, माझ्यासमोर खुर्चीत बसून पेपर वाचत जगले, मला ते हवे होते. तू तुझ्या बाजूला ठाम राहिलीस आणि न सांगता, माझ्याशी एकदाही न भांडता, जिंकून निघून गेलीस. भांडायचं तरी होतं. आपल्याला येत होतं ते.

घरी आले आणि डबा खाली घेतला. तू गेल्यापासून तो बाल्कनीतच होता. भावजयीला देऊन टाकीन म्हणत होते, दिला नव्हता. मांदेलीच्या प्रकारानंतर तू झाकणाला सायकलच्या ट्यूबची पट्टी बसवली होतीस, ती मला सुटेना. उघडला तेव्हा त्या वासाने डोळ्यांत पाणी आलं. खाली वर्तमानपत्राच्या घडीखाली पाकिटं होती. नवीन, नीट, अर्धी संपलेली. म्हणजे शेवटपर्यंत घेत होतीस, वेळच्या वेळी. तेवढं बरं वाटलं. मग वाटलं, वेळच्या वेळी घेत होतीस आणि भिंतीपलीकडे मी झोपले होते, आणि परत राग आला.

पट्टीचा आवाज ऐकून मांदेली आतून आली आणि माझ्यासमोर बसली. पुढचे पाय जोडून, मान वर करून, शहाण्यासारखी. घड्याळात चार वाजायला आले होते. रोज याच वेळी ती इथे येऊन बसते, मी म्हणायचे तुझी आठवण काढते. ती आठवण नव्हती. तू गोळी गिळायचीस आणि तिला बांगड्याचा एक कण द्यायचीस, होय ना? तुमचं ठरलेलं होतं. तुझ्या गोळीची वेळ या घरात फक्त तिला माहीत होती.

काल मी एक बांगडा काढला. तीन पाण्यांतून धुतला, आणि मग आणखी एकदा, मीठ सगळं जाईपर्यंत. नाकाला पदर बांधला, तुझी शेगडी पेटवली आणि भाजला. आयुष्यात पहिल्यांदा. एका बाजूने करपला, दुसऱ्या बाजूने कच्चा राहिला, तू बघितलं असतंस तर नाव ठेवलं असतंस. काटे काढून मांदेलीला एवढासा तुकडा दिला. नाझनीन डॉक्टरांना सांगणार नाही, त्या ओरडतील. बाकीचा ताटलीत तसाच राहिला.

हो, मी तुझी मासळी बंद केली असती. डबा उचलून भावाकडे पाठवला असता, तू आकांडतांडव केलं असतंस, मी आळणी वरण तुझ्यापुढे आदळलं असतं. पण कुंदे, महिन्या-दोन महिन्यांनी एखाद्या रविवारी मी हेच केलं असतं. चार पाण्यांतून धुऊन, पदर बांधून, करपवून का होईना, एक तुकडा तुझ्या ताटात ठेवला असता. मला ते माझं माहीत आहे. तुला का माहीत नव्हतं?

विचारायचं होतंस. मी नाही म्हटलं असतं. मग परत विचारायचं होतंस.